पोटावरचे दोन पट्टे : बाळंतपणाला सोबत जाणाऱ्यांसाठी

माझ्या बाळंतपणात पोटातल्या बाळाचे ठोके दाखवणाऱ्या मशीनवर १४० च्या जागी एकदम ८८ दिसायला लागलं आणि उशाशी बसलेल्या आईचा चेहरा पांढराफटक पडला. ती धावत गेली आणि सिस्टरला अक्षरशः हाताला धरून घेऊन आली. सिस्टरने माझी नाडी धरली, मशीनकडे पाहिलं आणि पोटावरची चकती दोन बोटं खाली सरकवली. परत १४२. "काकू, ते बाळाचे नव्हते, ताईंचेच ठोके होते," एवढं बोलून ती दुसऱ्या खाटेकडे गेली.

तीन वर्षांनी धाकट्या बहिणीच्या वेळी उशाशी मी होते. तेव्हा आकडा उतरला तो बाळाचाच होता. अर्ध्या तासात सिझर झालं, बाळ दोन दिवस काचेच्या पेटीत राहिलं, आणि आता ते घरभर रांगतंय.

आकडा दोन्ही वेळा घसरला. त्यातला कुठला खरा हे आईला कळलं नव्हतं. मला थोडं कळलं, कारण मधल्या काळात मी विचारून आणि वाचून घेतलं होतं. ते इथे लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही. हे वाचून तुम्ही मशीनचा कागद तपासायला बसू नका, पण सिस्टरला नेमकं काय विचारायचं ते तुम्हाला समजलेलं असेल.

१. आठव्या महिन्यात फाईल ताब्यात घ्या

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे सात महिने एका डॉक्टरकडे तपासण्या आणि ऐन वेळी दुसरेच डॉक्टर. निम्मा गोंधळ इथेच होतो. सोनोग्राफीचे रिपोर्ट सासरच्या कपाटात, रक्तगटाचा कागद नवऱ्याच्या मोबाईलमध्ये, आणि बाई रात्री दोन वाजता माहेरच्या गावात कळा देतेय. ओटी भरून निघतानाच एका पिशवीत हे सगळं घाला:

- माता-बाल संरक्षण कार्ड, म्हणजे अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात मिळालेलं
- सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट, फक्त शेवटचा नव्हे
- रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही, कावीळ बी यांचे रिपोर्ट
- चालू गोळ्यांची चिठ्ठी; आधी सिझर झालं असेल तर त्याचं डिस्चार्ज कार्ड
- दोघांची आधार कार्डं, रेशन कार्ड, तिच्या नावाचं बँक पासबुक
- बाळासाठी धुतलेले सुती कपडे, टोपी, मोजे आणि दोन-तीन मऊ सुती फडकी

प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो काढा आणि तो तिच्याशिवाय आणखी दोघांकडे ठेवा. सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या आणि लागलं तर रक्तही मोफत आहे. आजारी बाळाचे उपचारही त्यात येतात. गाडीसाठी १०२, आणि जिवावर बेतलंय असं वाटलं तर १०८.

२. घरी असेपर्यंत बाळाची हालचाल हेच मशीन

शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत बाळ कधी फिरतं, कधी शांत असतं याचा तिला अंदाज आलेला असतो. हालचाल कमी वाटली तर तिने जेवून डाव्या कुशीवर पडावं आणि मोजावं. दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत तर दवाखाना गाठा. मोजत बसायचं नसेल आणि मनात नुसती शंका असेल तरीही जा. "गोड खाऊन बघ", "झोपलं असेल, सकाळी बघू" असं सांगणारी वडीलधारी माणसं प्रत्येक घरात असतात. त्यांचा मान राखा आणि रिक्षा बोलवा.

ऑनलाईन मिळणारं ठोके ऐकायचं छोटं यंत्र घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. घरी ऐकू येतात ते ठोके बाळाचेच आहेत की आईच्या रक्तवाहिनीचे, हे आपल्याला ओळखता येत नाही. आणि ठोके ऐकू आले म्हणजे बाळ बरं आहे असंही होत नाही. त्या आवाजावर विसंबल्याने दवाखान्यात जाणं लांबतं.

पाणी गेलं तर रंग बघा. हिरवट किंवा काळपट असेल तर बाळाने आतच शी केलेली असू शकते. लगेच निघा, आणि पोचल्याबरोबर हे पहिलं वाक्य सांगा.

३. पोचल्यावर ठोके मोजायच्या दोन तऱ्हा

पहिली तऱ्हा साधी. सिस्टर हातातल्या डॉप्लरने, म्हणजे ठोक्यांचा आवाज ऐकवणाऱ्या छोट्या यंत्राने, किंवा पोटावर टेकवायच्या कर्ण्याने ठोके ऐकते. कर्णा म्हणजे पिनार्डचा फीटोस्कोप. पिनार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८९५ मध्ये तो बनवला, आणि आजही सरकारी केंद्रांत तो दिसतो. ही तऱ्हा जुनी असली तरी हलक्या दर्जाची नाही. सगळं सुरळीत असलेल्या बाईसाठी जागतिक आरोग्य संघटना हीच सुचवते. कळा नीट सुरू झाल्या की दर १५ ते ३० मिनिटांनी आणि जोर लावायच्या वेळी दर ५ मिनिटांनी ठोके ऐकायचे, प्रत्येक वेळी किमान एक मिनिट, कळ ओसरून गेल्यावरही थोडा वेळ. शेवटचं महत्त्वाचं. बाळ दमतंय का, ते कळेनंतरच समजतं.

दुसरी तऱ्हा म्हणजे पोटाला दोन पट्टे बांधून कागदावर आलेख काढणारं मशीन. त्याला सीटीजी म्हणतात, पण वॉर्डात सर्रास "एनएसटी लावा" असंच ऐकू येईल. कळा नसताना काढलेली ती एनएसटी, कळांमध्ये काढलेला तो सीटीजी; मशीन तेच.

मशीन सतत कधी हवं? ब्लडप्रेशर, साखर, बाळाची वाढ कमी, जुळी, दिवस भरायच्या आधीच्या कळा, आधीचं सिझर, ताप, रक्तस्राव, हिरवं पाणी, किंवा कळा वाढवायचं औषध सलाईनमधून चालू असेल तेव्हा. यातलं काहीच नसेल आणि मशीन लावलं नाही, तर "आमच्याकडे दुर्लक्ष करतात" म्हणून भांडू नका. अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा असं दिसलं की सतत मशीन लावल्याने नवजात बाळांना झटके येण्याचं प्रमाण निम्म्यावर येतं, पण मृत्यूचं किंवा सेरेब्रल पाल्सीचं (मेंदूला इजा झाल्याने हालचालीत येणारं अपंगत्व) प्रमाण बदलत नाही. सिझर मात्र वाढतात, कारण मशीन पुष्कळदा उगाच घाबरवतं. ठरल्या वेळी सिस्टर येऊन ठोके ऐकतेय ना, तेवढं बघा. नसेल तर नम्रपणे आठवण करा.

४. पट्टे बांधताना

वरचा पट्टा, बेंबीच्या वर, कळांसाठी. खालचा, जेल लावलेला, ठोक्यांसाठी. आवाज सुरू केला तर दूरच्या शेतात मळणीयंत्र चालल्यासारखं ऐकू येतं.

- तिला सपाट उताणी झोपवू नका. पोटाच्या भाराने पाठीजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि बाळाकडे जाणारं रक्त कमी होतं. डावी कूस किंवा उशा लावून अर्धवट बसलेली बरी.
- आधी लघवीला जाऊन येऊ द्या. किमान २० मिनिटं पट्टे राहतात.
- हातात बटण दिलं असेल तर ते बाळ हललं की दाबायचं. माझ्या मावशीला ती सिस्टरला बोलवायची घंटा वाटली. तिने ते इतक्या वेळा दाबलं की कागदावर खुणांची रांगोळी झाली.
- कळांचा आकडा, म्हणजे ० ते १०० मधला, कळ किती जोराची आहे हे सांगत नाही. पट्टा किती घट्ट आणि पोट किती जाड यावर तो हलतो. कळ कधी आली, किती वेळ राहिली, एवढंच त्यातून खरं कळतं. "फक्त तीसच दाखवतंय, एवढं काय ओरडते" असं तिला कुणी म्हणू नये. माझ्या शेजारच्या खाटेवर एक सासूबाई म्हणाल्या होत्या.

५. कागदावर काय बघतात

वरची वेडीवाकडी रेघ बाळाच्या ठोक्यांची, खालचे डोंगर कळांचे. बहुतेक ठिकाणी कागद मिनिटाला एक सेंटीमीटर सरकतो. डॉक्टर त्यात एकच आकडा बघत नाहीत, चार गोष्टी एकत्र बघतात.

पहिली, सरासरी पातळी. मिनिटाला ११० ते १६० ठीक. आपल्या मोठ्यांच्या हिशेबाने हे फार वाटतं, पण बाळाचं तसंच असतं. आईला ताप आला की बाळाचे ठोकेही चढतात.

दुसरी, रेघेची थरथर. ही गोष्ट मला सगळ्यात उशिरा समजली आणि सगळ्यात आवडली. निरोगी बाळाची रेघ कधी सरळ नसते. ५ ते २५ ठोक्यांनी ती सारखी वरखाली होते, करवतीच्या दातांसारखी. आपल्याला वाटतं, स्थिर रेघ म्हणजे चांगली. इथे उलट आहे. रेघ बराच वेळ सपाट राहिली तर डॉक्टर विचारात पडतात. अर्थात बाळ आत झोपतंही. झोपेचा हा डाव वीस ते चाळीस मिनिटं चालतो, म्हणून पट्टे आणखी थोडा वेळ ठेवतात. आईला दिलेल्या काही वेदनाशामक इंजेक्शनांनीही रेघ सपाट होते.

तिसरी, उड्या. बाळ हललं की ठोके १५ ने वाढून निदान १५ सेकंद वर राहतात. हे चांगलं लक्षण. कळा चालू असताना अशा उड्या दिसल्या नाहीत, बाकी सगळं ठीक आहे, तर तेवढ्यावरून काळजीचं कारण नसतं.

चौथी, खड्डे. कळेबरोबर उतरून कळेबरोबरच वर येणारा खड्डा बाळाचं डोकं दाबलं जाण्याने पडतो आणि सहसा निरुपद्रवी असतो. टोकदार, कधीही पडणारा खड्डा नाळ दबल्याचा. तो फार जणींना दिसतो, आणि मध्ये ठोके नीट सावरत असतील तर थांबून बघतात. कळेचा डोंगर उतरायला लागल्यावर सुरू होणारा आणि कळ संपली तरी रेंगाळणारा खड्डा मात्र बाळाला ऑक्सिजन कमी पडत असल्याची खूण असू शकते. तो पुन्हा पुन्हा आला, त्यातच रेघ सपाट झाली, की धावपळ सुरू होते.

तुमच्यासाठी यातून तीनच प्रश्न निघतात. सिस्टर मोकळी दिसली की विचारा: "हे ठोके बाळाचेच आहेत ना, तिची नाडी बघितली का?" "कळेनंतर ठोके परत येतायत का?" "पुन्हा कधी बघणार?" एवढं विचारणाऱ्याशी सिस्टर चांगलं बोलतात. आकडा बदलला की ओरडणाऱ्याशी बोलत नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नाही.

पडद्यावर आकड्याऐवजी रेघा दिसल्या तर ठोके थांबले असं समजू नका. बहुतेक वेळा बाळ किंवा पट्टा सरकलेला असतो. तरी सांगायचं मात्र लगेच.

एक छोटी गोष्ट: हा कागद उष्णतेने छापलेला असतो, त्यावरची छपाई बसच्या तिकिटासारखी पुसट होत जाते. दवाखान्याने प्रत दिली तर त्याच दिवशी फोटो काढा.

६. ठोके खरंच उतरले तर

बहिणीला कळांचं औषध चालू होतं. आकडा १३० वरून ९० वर आला आणि तिथेच राहिला. पुढच्या दोन-तीन मिनिटांत जे झालं ते बाहेरच्याला भांबावून टाकणारं होतं, म्हणून क्रमाने सांगते. सिस्टरने तिला डाव्या कुशीवर वळवलं. तिची नाडी बघितली. कळांचं औषध बंद केलं आणि साधं सलाईन चालू ठेवलं. डॉक्टरांनी आतून तपासलं, कारण नाळ खाली घसरलेली नाही ना हे आधी बघावं लागतं. ब्लडप्रेशर मोजलं. कुणी मोठ्याने बोललं नाही.

कळा फार जवळजवळ, म्हणजे दहा मिनिटांत पाचापेक्षा जास्त येत असतील तर औषध थांबवल्यावर बऱ्याचदा ठोके सावरतात. बहिणीचेही सावरले, मग परत उतरले. डॉक्टरांना शिकवलेला ३-६-९-१२ असा एक हिशेब आहे: तीन मिनिटं ठोके खालीच तर मदत बोलवा, सहाला थिएटरकडे निघा, नऊला तयारी हवी, बाराला बाळ बाहेर काढायच्या मार्गावर हवं. मिनिटांचा हा जाच कळला की "पाच मिनिटं थांबा, घरच्यांशी बोलतो" हे वाक्य किती महाग आहे ते समजतं.

७. सहीचं आधीच ठरवा

सज्ञान बाईची स्वतःची सही तिच्या ऑपरेशनला पुरते. सासऱ्यांची, मामांची, फोनवरच्या काकांची परवानगी लागत नाही. आमच्याकडे भावजींचा फोन लागत नव्हता. बहिणीने पडल्या पडल्या सही केली आणि विषय संपला. नवव्या महिन्यातच घरात हे बोलून घ्या. रक्तगट जुळणारी, जवळ राहणारी दोन माणसंही हेरून ठेवा.

आणि लेबर रूममध्ये सोबत कोण? २०१६ पासून केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांतही बाळंतिणीसोबत एका व्यक्तीला परवानगी दिली आहे. खाटांमध्ये पडदे नसतील तिथे बाईमाणूसच लागतं. जी घाबरत नाही ती पाठवा. सगळ्यात प्रेमळ पाठवाल तर तिलाच धरावं लागेल.

८. बाळ बाहेर आल्यावर

पहिलं मिनिट डॉक्टरांचं. बाळाला पुसतात, रडतं का बघतात, गरज पडली तर फुगा दाबून श्वास देतात. बाळ ठीक असेल तर नाळ लगेच कापत नाहीत, एक ते तीन मिनिटं थांबतात. वारेतलं रक्त बाळाला मिळतं आणि पुढे ॲनिमिया कमी होतो. पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला अपगार गुण देतात: रंग, ठोके, प्रतिसाद, हातापायांची ताकद, श्वास, प्रत्येकाला दोनपैकी. ही पद्धत व्हर्जिनिया अपगार या अमेरिकन भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी १९५२ मध्ये काढली. सात किंवा वर असेल तर बरं. पहिल्या मिनिटाला पाच होते म्हणून मूल पुढे मंद निघेल, असं काही नसतं. हा परीक्षेचा निकाल नाही. फाईलवर आकडा दिसला की नातेवाईक तो तसाच वाचतात.

मशीनवर रेघ बिघडलेली असूनही बाळ खणखणीत रडत बाहेर येतं, असं पुष्कळदा होतं. "मग सिझर उगाच केलं" असं लगेच म्हणू नका. रेघ फक्त शंका सांगते, आणि शंका फिटेपर्यंत थांबणं नेहमी परवडत नाही.

माझ्या भाच्याचा श्वास जोरात चालत होता, मिनिटाला सत्तरच्या आसपास. फुप्फुसातलं पाणी जिरायला वेळ लागत होता. सिझरच्या बाळांत हे होतं आणि सहसा दोन-तीन दिवसांत निवळतं. बाळ पेटीत असेल तर आईचं दूध काढून देता येतं का, हे त्याच दिवशी विचारा.

बाळ जवळ असेल तर पहिल्या तासात अंगाला लावा, उघड्या छातीवर, वरून पांघरूण. पहिला पिवळा चीक टाकायचा नाही. मध, गूळपाणी, गुटी काही नाही, कितीही नवस बोललेला असो. आंघोळ निदान २४ तास नको. घरी जायच्या आधी कागदावर बघा: व्हिटॅमिन केचं इंजेक्शन, कावीळ बीची लस २४ तासांत, पोलिओचा शून्य डोस, बीसीजी, जन्मवजन.

९. घरी गेल्यावरचे चाळीस दिवस

आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. नवजात बाळाला घरी जाऊन तपासायची ही पद्धत गडचिरोलीतून आली, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून ती सिद्ध केली. तेव्हा आशाताईंना दारातून चहा देऊन परत पाठवू नका. बाळ उघडं करून दाखवा, वजन करू द्या.

पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, दहा-चौदा दिवसांत भरून येतं. नाळेला तेल, हळद, राख काही नको, कोरडी ठेवा. शेगडीची धुरी आणि काजळ यांना मी आमच्या आजीच्या समोर नाही म्हणाले, आणि चार दिवस अबोला सोसला.

यातलं काही दिसलं तर त्याच तासाला निघा: दूध ओढत नाही, शांत असताना श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, छाती आत ओढली जातेय, अंग गरम किंवा गार पडलंय, झटके, निपचित पडणं, पहिल्याच दिवशी पिवळेपणा किंवा नंतर तळहात-तळपाय पिवळे, बेंबीभोवती लाली किंवा पू. "कोवळं ऊन दाखवू" हा पिवळ्या तळपायांवरचा उपाय नाही.

१०. जन्मनोंद

नोंद जिथे बाळ जन्मलं तिथे होते. म्हणजे माहेरच्या गावच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत, सासरी नाही. २१ दिवसांत करा. दवाखाना कागद पाठवतो, पण आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंग आधार कार्डाप्रमाणे आहे का ते डिस्चार्जच्या वेळीच तपासा. नंतरच्या दुरुस्तीत चपला झिजतात. नाव ठरलं नसेल तरी नोंद अडत नाही, बारा महिन्यांत ते विनाशुल्क घालता येतं. आमच्या भाच्याचं अजून घालायचं आहे. पाळण्यात एक नाव झालंय, आत्याला दुसरं हवंय, आणि दाखल्यावर नावाची जागा नऊ महिने कोरी आहे.